रेणवीय जीवशास्त्राच्या सुरुवातीच्या इतिहासात पोलिश शास्त्रज्ञ नेमके कुठे आहेत?

प्रश्न : सूक्ष्मदर्शी

मी पदवीच्या वर्गाला जीवशास्त्र शिकवतो. पुढच्या महिन्यात आमच्या विज्ञान मंडळात रेणवीय जीवशास्त्राच्या, म्हणजे डीएनए आणि प्रथिने अशा रेणूंच्या पातळीवर जीवनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राच्या, पहिल्या काही दशकांवर मला व्याख्यान द्यायचे आहे. त्यासाठी फळ्यावर कालपट मांडून पाहिला : १९४४ मध्ये एव्हरी आणि त्यांचे सहकारी (जिवाणूंचा गुणधर्म डीएनएने बदलतो), १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक (डीएनएची रचना), १९६१ मध्ये जेकब आणि मोनो (जनुकांचे नियंत्रण), त्याच वर्षी नीरेनबर्ग आणि मॅथाई (जनुकीय संकेताची उकल). न्यूयॉर्क, केंब्रिज, पॅरिस, बेथेस्डा. हा पट पाहून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, यात पोलंडचे कोणीच कसे नाही?" तिने मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी यांच्याविषयी नुकतेच वाचले होते आणि महायुद्धापूर्वी वॉर्सा आणि ल्वूफ येथील विद्यापीठे किती समृद्ध होती, हेही तिला ठाऊक होते. मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

पोलिश शास्त्रज्ञांची ही अनुपस्थिती खरी आहे, की इतिहास सांगण्याच्या आपल्या पद्धतीमुळे ती तशी भासते, हे मला जाणून घ्यायचे आहे. केवळ नावांची यादी नको. कोणी काय केले आणि त्यामुळे पुढच्या कोणत्या प्रयोगाची वाट मोकळी झाली, असे कोणी सांगू शकल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद : जुनी प्रयोगवही

तुमच्या कालपटावरील "केंब्रिज, १९५३" ही नोंद थोडी खरवडली, तर तिच्याखाली एक नाव मिळेल : डेव्हिड केलिन. त्यांचा जन्म १८८७ मध्ये मॉस्कोत एका पोलिश-ज्यू कुटुंबात झाला. बालपण आणि शालेय शिक्षण वॉर्सात झाले. पुढे लिएज आणि पॅरिस येथे शिकून ते १९१५ मध्ये केंब्रिजला आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. ते मूळचे परजीवी कीटकांचे अभ्यासक. घोड्याच्या जठरात वाढणाऱ्या माशीच्या अळीमध्ये हिमोग्लोबिन असते. अळीची प्रौढ माशी होताना त्या हिमोग्लोबिनचे काय होते, हे पाहण्यासाठी त्यांनी वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारे उपकरण, डोळ्याला लावला. माशीच्या स्नायूंमध्ये त्यांना चार काळे पट्टे दिसले. तसेच पट्टे त्यांना यीस्टमध्येही सापडले. यीस्टच्या द्रावणात हवा खेळवली की पट्टे नाहीसे होत आणि हवा थांबवली की पुन्हा उमटत. पेशीचे श्वसन प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याचा हा प्रकार होता. १९२५ मध्ये या द्रव्याला त्यांनी 'सायटोक्रोम' हे नाव दिले. (मॅकमन नावाच्या एका डॉक्टराने हे पट्टे १८८० च्या दशकातच पाहिले होते, परंतु त्या काळच्या मोठ्या अधिकारी व्यक्तीने त्याला खोडून काढले आणि विषय मागे पडला. केलिन यांनी त्याचे श्रेय त्याला आवर्जून दिले.)

आता तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध. व्हिएन्नाहून आलेले माक्स पेरुत्झ केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरणांनी काम करू लागले, तेव्हा अडचण अशी होती की कॅव्हेंडिश ही भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. तेथे प्रथिने शुद्ध करण्याची सोय नव्हती. केलिन तेव्हा मोल्टेनो संस्थेचे संचालक होते. परजीवींच्या अभ्यासासाठी उभारलेल्या या संस्थेत त्यांनी पेरुत्झ यांना, आणि नंतर जॉन केंड्र्यू यांनाही, काम करण्यासाठी ओटा दिला. महायुद्ध संपल्यावर पेरुत्झ यांच्या पुढील वेतनाचाच प्रश्न उभा राहिला. हे काम ना धड भौतिकशास्त्रात बसत होते, ना जीवशास्त्रात. तेव्हा ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे जावे, असे केलिन यांनी कॅव्हेंडिशचे प्रमुख ब्रॅग यांना सुचवले. त्या सूचनेतून १९४७ मध्ये एक छोटे संशोधन पथक मंजूर झाले. दोन वर्षांनी त्यात क्रिक दाखल झाले आणि १९५१ मध्ये वॉटसन तेथे येऊन पोहोचले. कॅव्हेंडिशमध्ये डीएनएची प्रतिकृती ज्या पथकाच्या आसऱ्याने उभी राहिली, ते पथक असे जन्माला आले.

ओटा दिला म्हणजे शोध लावला, असे मी म्हणणार नाही. तथापि कालपटात शोधांच्या तारखा असतात, ओट्यांच्या नसतात, आणि तुमच्या विद्यार्थिनीला जे रिकामेपण जाणवले त्याचा काही भाग यातून येतो.

याच धाग्याचे दुसरे टोक पॅरिसमध्ये आहे. प्योत्र स्वोनिम्स्की हे १९२२ मध्ये वॉर्सात जन्मले, १९४४ च्या वॉर्सा उठावात लढले आणि १९४७ मध्ये फ्रान्सला गेले. तेथे बोरिस एफ्रुसी यांना यीस्टच्या काही वसाहती विलक्षण लहान राहतात असे आढळले होते. या लहान वसाहतींमधील पेशी श्वसन करू शकत नाहीत, कारण त्यांच्यात केलिन यांच्या सायटोक्रोमांपैकी काही नाहीतच, हे स्वोनिम्स्की यांनी १९४९ च्या सुमारास दाखवले. शिवाय हा दोष मेंडेलच्या नियमांप्रमाणे पुढे जात नव्हता. पेशीकेंद्राबाहेरही आनुवंशिक द्रव्य असले पाहिजे, या विचाराला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. ते द्रव्य म्हणजे तंतुकणिकेतील (पेशीच्या श्वसनाचे काम करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील) डीएनए, हे पुढे सिद्ध झाले. आयुष्यभर त्यांनी याच डीएनएवर काम केले. १९८० मध्ये क्लोद जाक आणि यादविगा वाझोव्स्का यांच्यासह त्यांनी दाखवले की यीस्टच्या तंतुकणिकेतील एका जनुकाचा जो भाग कापून फेकला जातो, तोच भाग स्वतःला कापून काढण्यास मदत करणाऱ्या प्रथिनाचा संकेत बाळगून असतो. टाकाऊ म्हणून बाजूला काढलेल्या चिंधीतच कात्री सापडावी, तसे हे होते.

प्रतिसाद : लंबक

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु केलिन आणि स्वोनिम्स्की हे दोघेही पोलंडबाहेर घडले. पोलंडमध्येच घडलेल्या आणि नंतर उद्ध्वस्त झालेल्या परंपरेविषयी बोलायचे तर ल्वूफपासून सुरुवात करावी लागते. हे शहर १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, नंतर पोलंडमध्ये आले. १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्याने, १९४१ मध्ये जर्मनांनी आणि १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत सैन्याने ते घेतले, आणि आज ते ल्विव या नावाने युक्रेनमध्ये आहे. एकाच माणसाने घर न बदलता इतक्या राजवटी पाहिल्या असतील.

या शहरात याकूब पार्नास यांचे जीवरसायनशास्त्राचे घराणे होते. स्नायूंमध्ये साखरेचे विघटन कसे होते, त्या क्रमाला पाठ्यपुस्तकांत एम्डेन-मायरहोफ-पार्नास मार्ग म्हणतात; तुमचे विद्यार्थी तो घोकतात, मात्र तिसऱ्या नावापाशी सहसा कोणी थांबत नाही. ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, तुटताना पाण्याचा नव्हे तर फॉस्फेटचा रेणू त्यात शिरतो, हे पार्नास आणि त्यांच्या शिष्यांनी १९३० च्या दशकात दाखवले. हे फॉस्फेट कुठून कुठे जाते, याचा माग काढण्यासाठी त्यांनी कोपनहेगनच्या हेवेशी यांच्यासोबत किरणोत्सारी फॉस्फरस वापरला. किरणोत्सारी खूण लावून रेणूचा पाठलाग करण्याची ही रीत तेव्हा अगदी नवी होती. १९५२ मध्ये हर्शी आणि चेस यांनी विषाणूच्या डीएनएला किरणोत्सारी फॉस्फरसची खूण लावून जो प्रसिद्ध प्रयोग केला, त्याची जातकुळी हीच आहे. पार्नास यांचा शेवट मात्र वाईट झाला. युद्धकाळात ते सोव्हिएत संघात गेले, तेथे त्यांचा सन्मान झाला आणि जानेवारी १९४९ मध्ये मॉस्कोत अटक झाल्यानंतर लुब्यांकाच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला.

ल्वूफमधील दुसरी संस्था रुडॉल्फ वायगल यांची. टायफस या उवांमधून पसरणाऱ्या जीवघेण्या तापाची लस तयार करण्यासाठी त्यांनी जिवंत उवा वापरल्या. एकेका उवेला सूक्ष्मदर्शकाखाली धरून तिच्या आतड्यात जंतू टोचायचे, जंतू वाढले की आतडी काढून त्यांची लस बनवायची. परंतु उवा जगवायच्या तर त्यांना माणसाचे रक्त हवे. म्हणून माणसे उवांनी भरलेल्या जाळीदार डब्या पायाला बांधून बसत. जर्मन ताब्याच्या काळात या कामाचे ओळखपत्र म्हणजे प्राणरक्षक कवच होते, कारण लस जर्मन सैन्याला हवी होती आणि टायफसच्या भीतीने पोलीस या लोकांच्या वाटेला फारसे जात नसत. वायगल यांनी प्राध्यापक, विद्यार्थी आणि भूमिगत चळवळीतील अनेकांना असे सामावून घेतले. थोर गणितज्ञ स्तेफान बानाख हेही उवांना रक्त पाजत. ज्या शहरात जुलै १९४१ मध्ये एका रात्रीत वीसहून अधिक प्राध्यापकांना टेकडीवर नेऊन गोळ्या घालण्यात आल्या, तेथे ही नोकरी काय मोलाची होती, हे वेगळे सांगायला नको.

या संस्थेत उवा पोसणाऱ्यांच्या एका गटावर देखरेख ठेवणारा विशीतला रसायनशास्त्राचा विद्यार्थी म्हणजे वात्सवाफ शिबाल्स्की (१९२१–२०२०). युद्धानंतर ल्वूफमधील बहुतेक पोलिश लोकांना शहर सोडावे लागले. शिबाल्स्की ग्दान्स्कला आले, तेथून कोपनहेगनला आणि मग अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला पोहोचले. प्रतिजैविकाचे प्रमाण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चढत जाणारी ताटली त्यांनी तेथे तयार केली. खाली माध्यमाचा तिरपा थर द्यायचा, त्यावर औषधयुक्त माध्यमाचा उलट तिरपा थर ओतायचा. एवढ्यावर जंतूंमधील प्रतिकारक्षम उत्परिवर्तके आपोआप वेगळी दिसू लागतात. साधी, स्वस्त आणि आजही वर्गात करून दाखवता येईल अशी ही युक्ती आहे, आणि माझ्या मते तुमच्या व्याख्यानात तिला जागा मिळायलाच हवी.

त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम १९६२ चे, मॅडिसन येथील. जिवाणूंमध्ये बाहेरचे डीएनए शिरवून गुणधर्म बदलता येतो हे एव्हरी यांनी दाखवून अठरा वर्षे झाली होती. माणसाच्या पेशींत तेच करायचे तर मोठी अडचण अशी की लाखो पेशींपैकी एखाद-दुसरीत डीएनए शिरले, तर ती शोधायची कशी? वात्सवाफ आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ शिबाल्स्का यांनी शोधण्याचे काम मृत्यूवर सोपवले. डीएनएचे घटक मिळवायला पेशीकडे दोन वाटा असतात : एक, अगदी मुळापासून ते घडवणे आणि दुसरी, तयार तुकडे उचलून वापरणे. अमिनोप्टेरिन हे औषध पहिली वाट बंद करते. ज्या पेशींमध्ये हायपोझँथिन (अशा तयार तुकड्यांपैकी एक) वापरणारे विकर (एन्झाइम) नाही, त्यांची दुसरी वाटही बंद असते, त्या मरतात. अशा अधू पेशींना त्यांनी धडधाकट पेशींचे डीएनए दिले आणि अमिनोप्टेरिन, हायपोझँथिन, थायमिडिन असलेल्या माध्यमात ठेवले. मोजक्या वसाहती वाढल्या. तेच डीएनए आधी त्याचे तुकडे करणाऱ्या विकराने नष्ट करून दिले, तर एकही वाढली नाही. म्हणजे काम डीएनएनेच केले होते.

हे माध्यम पुढे लिटलफील्ड यांनी पेशींच्या संकरासाठी वापरले आणि त्यातील तीन द्रव्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'हॅट' हे नाव रूढ झाले. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकजनुसी (मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून येणारी एकसारखी) प्रतिपिंडे तयार केली, तीही याच माध्यमात संकरित पेशी निवडून. वृत्तपत्रांत ज्या औषधांच्या नावाअखेर 'मॅब' असते, त्यांची मूळ पद्धत या चाळणीवर उभी आहे. प्रतिपिंडांच्या कामाला १९८४ मध्ये नोबेल मिळाले. चाळणीच्या वाट्याला तळटीप आली.

प्रतिसाद : रक्तगट

'लंबक' यांनी १९६२ च्या प्रयोगाविषयी लिहिले ते योग्यच आहे, तथापि काही लेखांत त्याला "जगातील पहिला जनुकोपचार" म्हटलेले आढळते, ते टाळावे असे सुचवतो. तेथे रुग्ण नव्हता, उपचार नव्हता. ताटलीत वाढणाऱ्या पेशी होत्या. ज्या विकरावर तो प्रयोग बेतला होता, त्याचाच अभाव लेश-नायहॅन या मुलांमधील गंभीर आजाराच्या मुळाशी असतो, हे १९६७ मध्ये कळले. त्यामुळे मागे वळून पाहताना त्या प्रयोगाला उपचाराचा रंग चढतो.

माझा दुसरा मुद्दा काळाविषयी. पोलिश वाटा १९४४ नंतर शोधण्याऐवजी थोडे मागे जावे, असे मला वाटते. वॉर्सात १८८४ मध्ये जन्मलेले लुद्विक हिर्शफेल्ड यांनी हायडेलबर्ग येथे एमिल फॉन डुंगर्न यांच्यासोबत ७२ कुटुंबांचे रक्त तपासून १९१० मध्ये दाखवले की रक्तगट आईवडिलांकडून मुलांकडे मेंडेलच्या नियमांनुसार येतात. ए, बी आणि ओ ही नावेही या दोघांच्याच कामातून आली. लालपेशीवरील एखादे रासायनिक चिन्ह जनुकाच्या ताब्यात असते, ही कल्पना १९१० मध्ये किती धाडसाची होती याचा विचार करा. तपशिलात मात्र त्यांची चूक झाली. त्यांनी जनुकांच्या दोन स्वतंत्र जोड्या गृहीत धरल्या होत्या. जागा एकच आणि तिचे पर्याय तीन, हे १९२४ मध्ये बर्नश्टाइन या गणितज्ञाने आकडेमोडीने दाखवून दिले.

पहिल्या महायुद्धात लुद्विक आणि त्यांच्या पत्नी हान्ना सर्बियन सैन्याबरोबर ग्रीसमधील सालोनिका येथे डॉक्टर म्हणून होते. त्या बंदरात अनेक देशांचे सैनिक एकत्र आले होते. त्यांत ब्रिटिशांच्या बाजूने लढणारे भारतीयही होते. या दांपत्याने हजारो सैनिकांचे रक्त तपासून १९१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. भारतीय सैनिकांमध्ये बी गटाचे प्रमाण सर्वाधिक आढळले. त्या निबंधातील वंशविषयक तर्क आज टिकत नाहीत, परंतु जनुकाची वारंवारता लोकसमूहांमध्ये मोजण्याची सुरुवात तेथे झाली.

आता मुंबईची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण माझे सारे आयुष्य रक्तपेढीत गेले. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा काही व्यक्ती आढळल्या, ज्यांच्या लालपेशींवर ए नव्हते, बी नव्हते, आणि ओ गटाच्या माणसात असते ते एच द्रव्यही नव्हते. हाच 'बॉम्बे' रक्तगट. अशी व्यक्ती नेहमीच्या तपासणीत ओ दिसते, तरी तिच्या अपत्यात ए किंवा बी प्रकट होऊ शकते. म्हणजे वरवर पाहता हिर्शफेल्ड यांचा नियमच मोडतो. उलगडा असा की ए आणि बी ही चिन्हे एच या पायरीवर चढवली जातात. पायरीच नसेल तर जनुक असूनही चिन्ह दिसत नाही. त्या १९५२ च्या निबंधाचे एक सहलेखक मॉर्गन आणि दुसऱ्या सहलेखिका विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी पुढे ही चिन्हे म्हणजे साखरेच्या साखळ्या आहेत आणि जनुक ती साखर जोडणारे विकर घडवते, हे स्पष्ट केले. १९९० मध्ये हे जनुक वाचले गेले, तेव्हा ए आणि बी यांच्या विकरांत अवघ्या चार अमिनो आम्लांचा फरक निघाला. परळच्या रुग्णालयात वावरणाऱ्या आमच्यासारख्यांना हायडेलबर्ग दूरचे वाटत नाही ते यामुळे.

हिर्शफेल्ड यांना १९४१ मध्ये वॉर्साच्या घेट्टोमध्ये, म्हणजे जर्मनांनी ज्यूंसाठी बंदिस्त केलेल्या वस्तीत, कोंडण्यात आले. तेथेही त्यांनी टायफसविरुद्ध काम केले आणि वैद्यकाचे गुप्त वर्ग घेतले. ते निसटले, त्यांची एकुलती मुलगी लपून राहण्याच्या काळात वारली. युद्धानंतर त्यांनी व्रोत्सवाफ येथे प्रतिकारशास्त्राची संस्था उभारली, ती आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

सूक्ष्मदर्शी (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. एक उपप्रश्न विचारतो. आतापर्यंतची बहुतेक माणसे एक तर बाहेर गेली किंवा १९५३ पूर्वीची आहेत. युद्धानंतर खुद्द पोलंडमध्ये रेणवीय जीवशास्त्र कसे सुरू झाले? तेथे मेंडेलचे आनुवंशिकशास्त्र नाकारणाऱ्या सोव्हिएत कृषिशास्त्रज्ञ लायसेन्कोचा प्रभाव होता ना?

प्रतिसाद : जुनी प्रयोगवही

होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून साधारण १९५६ पर्यंत पोलंडमध्ये मेंडेलचे आनुवंशिकशास्त्र शिकवणे ही संशयास्पद गोष्ट होती. म्हणजे केंब्रिजमध्ये डीएनएचा दुहेरी सर्पिल उभा राहिला त्या वर्षी वॉर्साच्या विद्यार्थ्याला जनुक हा शब्दही जपून उच्चारावा लागे. वॉर्सा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ वात्सवाफ गायेव्स्की यांनी या मताचा पुरस्कार करण्यास नकार दिला आणि वातावरण निवळल्यावर आनुवंशिकशास्त्राचे अध्यापन त्यांनीच पुन्हा उभे केले. रशियाइतका कडेलोट पोलंडमध्ये झाला नाही, तरी जी सात-आठ वर्षे गेली ती नेमकी त्या विषयाची सर्वांत वेगवान वर्षे होती.

मात्र एक पळवाट होती आणि ती भौतिकशास्त्रातून व रसायनशास्त्रातून जात होती. न्यूक्लिइक आम्लांवर अतिनील किरणांचा काय परिणाम होतो, हा प्रश्न लायसेन्कोच्या कक्षेत येत नव्हता. डेव्हिड शुगर यांचे उदाहरण घ्या. जन्म १९१५, पोलंडमधील युझेफूफ. बालपणीच कॅनडाला गेले, मॅकगिल विद्यापीठात भौतिकशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. १९४६ मध्ये तेथील हेरगिरीच्या गाजलेल्या प्रकरणात त्यांना गोवले गेले. आरोप टिकले नाहीत, पण तेथील जगणे अवघड झाले. पॅरिस आणि ब्रसेल्स येथे काही वर्षे काढून ते १९५२ मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्या निमंत्रणावरून, पोलंडला आले. सगळे पश्चिमेकडे निघालेले असताना उलट दिशेने येणारा हा प्रवासी. त्याच वर्षी त्यांनी लायसोझाइम या विकराची क्रिया मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली, ती प्रयोगशाळांतून दीर्घकाळ वापरली गेली. वॉर्सात काझिमिएश व्येझ्होव्स्की यांच्यासह त्यांनी युरासिलसारख्या घटकांवर अतिनील किरण पडल्यावर पाण्याचा रेणू कसा जोडला जातो आणि परत कसा निघतो, याचा बारकाईने अभ्यास केला. किरणांमुळे होणारी उत्परिवर्तने समजून घेण्यासाठी हे रसायन कळणे आवश्यक होते. शुगर शंभर वर्षे जगले आणि २०१५ मध्ये वॉर्सातच वारले.

पोलिश विज्ञान अकादमीची जीवरसायन आणि जैवभौतिकी संस्था १९५७ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले संचालक युझेफ हेलर हे ल्वूफला पार्नास यांच्या हाताखाली काम केलेले होते. 'लंबक' यांनी सांगितलेले घराणे असे वॉर्सात पुन्हा रुजले. पोझनान येथे माचेय व्येव्युरोव्स्की ल्युपिनच्या बियांतील अल्कलॉइडांवर काम करत होते. तेथून त्यांचा गट न्यूक्लिइक आम्लांच्या रसायनाकडे वळला आणि पिवळ्या ल्युपिनमधील वाहक आरएनएचा (प्रथिने घडताना अमिनो आम्ले आणून देणाऱ्या न्यूक्लिइक आम्लाचा) क्रम लावण्यापर्यंत पोहोचला. हाताशी असलेल्या बियांपासूनच सुरुवात केली, हे मला फार आवडते.

प्रतिसाद : लंबक

ग्दान्स्कचा उल्लेख राहिला, तो जोडतो. शिबाल्स्की मॅडिसनमध्ये स्थिरावल्यावर त्यांनी पोलंडमधील तरुण संशोधकांना सातत्याने बोलावून घेतले. त्यांपैकी कारोल टेलर यांनी ग्दान्स्कहून जाऊन १९६७ मध्ये शिबाल्स्की आणि झ्देन्का ह्रादेच्ना यांच्यासोबत लॅम्डा या जिवाणुभक्षक विषाणूच्या डीएनएचे दोन धागे वेगळे केले आणि प्रत्येक धाग्याशी कोणता आरएनए (डीएनए वाचून तयार होणारी प्रत) जुळतो ते पाहिले. तोवर काही विषाणूंमध्ये एकच धागा वाचला जातो असे आढळले होते. लॅम्डामध्ये काही पट्ट्यात एक धागा वाचला जातो आणि उरलेल्या पट्ट्यात दुसरा, तोही उलट दिशेने, असे निघाले. टेलर ग्दान्स्कला परतले आणि लॅम्डाचा अभ्यास तेथे पुढच्या पिढ्यांतही चालू राहिला.

'सूक्ष्मदर्शी', तुमच्या फळ्यावर १९६१ नंतर जागा असेल, तर १९६२ आणि १९६७ या दोन नोंदी तेथे लिहाव्यात. आणि १९४७ ची नोंद 'जुनी प्रयोगवही' यांच्या सांगण्यावरून १९५३ च्या आधी.

सूक्ष्मदर्शी (प्रश्नकर्ता)

फळा पुन्हा आखला आहे. १९१० चा हायडेलबर्ग आणि १९५२ चा मुंबई अशा आणखी दोन नोंदी त्यात आल्या. शहरांच्या रकान्यात ल्वूफ लिहिताना मात्र पुढे देशाचे नाव काय लिहावे, यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. अखेर तो रकाना आम्ही रिकामा ठेवला आणि त्या विद्यार्थिनीला पुढच्या आठवड्यात चढत्या मात्रेची ताटली तयार करून आणायला सांगितले आहे.